गटात सांगितलेली गोष्ट बाहेर गेली, तर?

ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो: "घरसंगतीत विश्वासाने मन मोकळे केले आणि ती गोष्ट बाहेर गेली, आता त्या गटात परत जायचे का?" कोणी तिला घरसंगती म्हणते, कोणी कॉटेज मीटिंग, नव्या मंडळ्यांत तिला सेल ग्रुप म्हणतात, पण सहा-सात कुटुंबांनी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, गीत गायचे, वचन वाचायचे आणि एकमेकांच्या प्रार्थनाविनंत्या ऐकायच्या, ही रीत सगळीकडे सारखीच आहे. ज्या प्रसंगावरून मी या प्रश्नाचे उत्तर शिकले, तो प्रसंग संबंधित बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगत आहे.

त्यांना मी ताई म्हणते. वय एक्केचाळीस, पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या, एका खासगी दवाखान्यात परिचारिका. त्यांच्या यजमानांची दारू सुटून दोन वर्षे झाली होती आणि ती पुन्हा सुरू झाली. गुरुवारच्या घरसंगतीत "कोणाची काही विनंती?" असे विचारले गेले, तेव्हा महिनाभर कोंडून ठेवलेले सगळे त्यांच्या तोंडून बाहेर पडले. त्या रात्री सगळ्यांनी त्यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली आणि कित्येक दिवसांनी त्यांना झोप लागली. रविवारी उपासनेनंतर नगरहून नणंदेचा फोन आला: "वहिनी, दादासाठी आम्हीपण इकडे प्रार्थना करतोय." गटातील एका ज्येष्ठ मावशींनी ही विनंती महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती, तिथून ती एका प्रार्थनासाखळीत गेली आणि तीन दिवसांत फिरून त्यांच्याच घरात परत आली. यजमान एवढेच म्हणाले, "माझी अब्रू तू वेशीवर टांगलीस," आणि त्या दिवसापासून त्यांनी मंडळीत येणे सोडले.

पहिल्या भेटीत ताई बराच वेळ रडत होत्या. त्यांचे रडणे ओसरल्यावर मी सर्वांत आधी विचारले, की यजमान मारहाण करतात का, धमकावतात का, पैसे काढून घेतात का. हे मी प्रत्येक वेळी विचारते, कारण जिथे हिंसा आहे तिथे पुढचे सगळे उत्तर बदलते. तिथे नवऱ्याच्या अब्रूचा विचार करत बसायचे नसते. कोणाची परवानगी न घेता बोलायचे असते, 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा 112 वर फोन करायचा असतो, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिलेले संरक्षण मागायचे असते. "प्रार्थना करा आणि सहन करा" असा सल्ला अशा बाईला देणाऱ्या गटाने तिला एकटे टाकले, असेच मी म्हणेन. ताईंच्या घरी असे काही नव्हते, हे खात्रीने कळल्यावरच आम्ही पुढे गेलो.

गटात बोललो हे चुकले का, क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखे परत जायलाच हवे का, आणि गट सोडला तर आपण विश्वासात मागे पडलो असे होईल का, अशा तीन गोष्टी त्यांच्या मनाला लागल्या होत्या. त्यामागे एक भीतीही होती, जी बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. आपला मराठी ख्रिस्ती समाज लहान आहे. पुण्यातल्या मंडळीतले निम्मे लोक मूळचे नगरचे किंवा सोलापूरचे, आणि उरलेल्यांशी कुठून ना कुठून सोयरीक. गुरुवारी पिंपरीत बोललेले वाक्य रविवारी नगरला पोहोचते आणि मुलामुलींची लग्ने जमवताना पाच-दहा वर्षांनीसुद्धा कोणाला तरी आठवते. म्हणून "लोक काय म्हणतील याची चिंता विश्वासणाऱ्याने करू नये," असे मी त्यांना सांगितले नाही. त्यांचे नुकसान खरे होते आणि ते तसेच मानणे भाग होते.

त्यांचा पहिला प्रश्न मी उलटून विचारला: जी गोष्ट बाहेर गेली, ती कोणाची होती? "मला रात्री झोप लागत नाही, मला फार भीती वाटते," ही ताईंची स्वतःची गोष्ट होती आणि ती सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. यजमान किती पितात, कोणाकडून उसने पैसे घेतात, दोन वर्षांपूर्वी काय झाले होते, ही मात्र यजमानांचीही गोष्ट होती, आणि त्यांना न विचारता ती चौदा माणसांसमोर गेली होती. हे ऐकताच ताई चिडल्या. "दारू ते पितात आणि माफी मी मागू?" हा राग योग्यच होता, म्हणून तो शांत करण्याची घाई मी केली नाही. त्या भेटीत आम्ही तिथेच थांबलो. पुढच्या दोन भेटी याच एका मुद्द्यावर गेल्या, आणि शेवटी त्यांनी घरी जाऊन जे सांगितले ते त्यांनी स्वतः जुळवलेले शब्द होते: "तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता मी चारचौघांत सांगितली, ते चुकले. तुमच्या पिण्याने माझे काय होते, ते मात्र मी सांगत राहणार." यजमानांनी उत्तर दिले नाही; पण त्या रात्री ते जेवायला बसले.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाच्या एका पत्राचा, सहावा अध्याय आम्ही या काळात बारकाईने वाचला. "एकमेकांची ओझी वाहा" हे वाक्य प्रत्येक घरसंगतीत ऐकू येते, पण तीनच वचने पुढे पौल प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहावा असेही लिहितो, आणि ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत: पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला चिरडून टाकणारे वजन, आणि दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याने त्याने आपल्या पाठीवर न्यायचे गाठोडे. ताईंची भीती आणि एकटेपण हे पहिल्या प्रकारचे होते, त्याला दुसऱ्यांचे हात लागायलाच हवे होते. दारू सोडण्याचा निर्णय हे यजमानांचे गाठोडे होते. ते ना ताई उचलू शकत होत्या, ना सात कुटुंबांचा गट.

दुसरी गोष्ट मी त्यांना मंडळीच्या इतिहासातून सांगितली, कारण लहान गट ही काही सेल ग्रुपवाल्यांनी काल काढलेली रीत नाही. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकांच्या मेथडिस्ट मंडळीने प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले आणि दर माणशी आठवड्याला एक पेनी जमा करण्याचे काम प्रत्येक वर्गाच्या पुढाऱ्याकडे दिले. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या पुढाऱ्यांना लोकांची खरी अवस्था दिसू लागली, आणि वसुलीसाठी पाडलेले वर्ग जिवाची विचारपूस करणारे झाले. मात्र पापकबुलीसाठी वेस्ली यांनी हे वर्ग वापरले नाहीत. त्यासाठी त्याहून लहान, 'बँड' म्हटल्या जाणाऱ्या तुकड्या आधीपासूनच होत्या, ज्यांत पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित वेगळे आणि अविवाहित वेगळे बसत. त्यांचे नियम 1738 मध्येच लिहिले गेले होते. आठवड्याची खुशाली बारा जणांत आणि अंतःकरणातले चार-पाच जणांत, हा फरक त्यांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वी ओळखला होता. आपण मात्र सरबत आणि बिस्किटे फिरत असताना, लहान मुले दारात खेळत असताना, चौदा जणांच्या बैठकीत माणसाला काळीज उघडायला लावतो आणि ते नीट झाकले गेले नाही म्हणून आश्चर्य करतो.

स्वतः प्रभू येशूनेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत सगळ्या शिष्यांना एकाच ठिकाणी बसवून ठेवले नव्हते. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच त्याने जवळ नेले आणि आपला जीव किती खिन्न झाला आहे ते त्या तिघांनाच सांगितले. ते तिघेही झोपी गेले. तरी तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा आला. ताई हा उतारा वाचताना थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यालाही चांगले ऐकणारे मिळाले नव्हते." हे माझ्या लक्षात कधी आले नव्हते.

मग मावशींचा विषय आला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी दोघांनीच एकांतात बोलायचे, असे ठरले. ताईंना पाळकसाहेबांकडे तक्रार करावीशी वाटत होती, आणि मावशींशी बोलून काही झाले नसते तर तेही करता आले असते. पण आधी नव्हे. मावशींना धक्काच बसला. "मी तर प्रार्थनेसाठीच पाठवले गं," असे त्या म्हणत राहिल्या, आणि ते खोटे नव्हते. अशा प्रसंगात चहाडखोर माणसे मला फार थोडी भेटली. बहुतेक वेळा गोष्ट बाहेर नेणारा माणूस प्रेमानेच ती नेतो, आणि म्हणूनच तो थांबत नाही. देवाला ऐकू जाण्यासाठी नाव, आडनाव आणि आजाराचा तपशील शंभर फोनवर जावा लागत नाही, हे मात्र मावशींना कोणी कधी सांगितले नव्हते. ताईंनी त्यांना क्षमा केली. पुन्हा काही सांगण्याइतका भरवसा मात्र त्यांच्या मनात लगेच आला नाही, आणि तो यावाच असा आग्रह मी धरला नाही. क्षमा एका संध्याकाळी देता येते. भरवसा वागणुकीतून हळूहळू परत येतो.

गटाशी बोलण्यासाठी पाळकसाहेबांनी मला एका गुरुवारी बोलावले. ताईंचे नाव न घेता मी एवढेच मांडले, की ज्याची गोष्ट त्यालाच ती पुढे नेण्याचा अधिकार, अगदी घरी आपल्या जोडीदाराला सांगायची असली तरी आधी विचारावे. घरातल्या दुसऱ्या माणसाविषयी विनंती करताना आपल्यावर काय गुजरते तेवढेच सांगावे. आणि फोनवर विनंती पाठवायची झाली तर "एका कुटुंबासाठी" एवढे शब्द पुरे आहेत. एखाद्याच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका आहे असे कळले, तर हा नियम मोडायचा आणि मदत मागायची, हेही मी स्पष्ट सांगितले. एका बाईंना हे सगळे अविश्वासाचे वाटले, आणि पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या गटात गेल्या.

त्याच गटात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका होते, ज्यांनी स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वी दारू सोडली होती. त्यांनी ताईंना विचारले, ताईंनी यजमानांना विचारले, आणि यजमान "येऊ दे" म्हणाल्यावरच काका दर शनिवारी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले. प्रवचन नाही, बायबल नाही, नुसता चहा. दोन महिन्यांनी यजमानांनी स्वतःच विषय काढला. गटातल्या काहींना वाटत होते की हात ठेवून प्रार्थना करावी आणि त्याच रात्री बाटली फेकून द्यावी. प्रार्थना अवश्य करा, पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे, हे परिचारिका असलेल्या ताईंनीच त्यांना समजावले. पुण्यात 1986 पासून मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र आहे. उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. उपचारानंतर काका त्यांना, दारू सोडू पाहणारे जिथे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला घेऊन गेले. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात ही चळवळ सुरू करणारे दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती संगतीतून आलेले होते. तिथे आडनाव विचारत नाहीत आणि ऐकलेले बाहेर नेत नाहीत. यजमान मला नंतर म्हणाले, "मॅडम, इथे मला कोणी दादा वाईट मार्गाला लागला म्हणून बघत नाही."

ताई सहा आठवडे गटात गेल्या नाहीत, आणि त्यात विश्वासातून मागे पडण्यासारखे काही नव्हते; जखमेवर खपली धरेपर्यंत हात लावायचा नसतो, हे त्या स्वतः रुग्णांना रोज सांगतात. आता त्या दर गुरुवारी जातात, मात्र मनातले दोन मैत्रिणींनाच सांगतात, तेही गटाच्या अर्धा तास आधी भेटून. यजमान उपासनेला येऊ लागले आहेत, घरसंगतीला नाहीत. गेल्या महिन्यात बैठक त्यांच्याच घरी होती, तेव्हा त्यांनी खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना सलाम केला आणि काकांबरोबर बाहेर फिरायला निघून गेले. मावशींनी त्या दिवशी विनंत्या लिहून घेण्याआधी प्रत्येकाला विचारले, "हे वहीत लिहू का?"