घड्याळाआधीची वेळ

प्रश्न : घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी सामान्य माणसाला वेळ कशी कळत असे? तिच्यावरून भांडणे होत नसत का?

उत्तर : होत असत, आणि वेळ मोजण्याची बरीच साधने ती भांडणे टाळण्याच्या गरजेतूनच टिकली, असे मला वाटते. उठण्याजेवणापुरता सूर्य पुरेसा होता. प्राचीन रोममध्ये तर दिवसाच्या उजेडाचेच बारा भाग करून त्यांना तास म्हणत. त्यामुळे तिथला तास उन्हाळ्यात सुमारे ७५ मिनिटांचा, तर हिवाळ्यात जेमतेम ४५ मिनिटांचा असे, आणि त्याने कोणाचे अडत नसे. अडत असे ते दोघांना सारखा वाटा द्यायची वेळ आली की.

अथेन्सच्या न्यायालयात दोन्ही पक्षांना बोलण्याची मुदत पाण्यावर मोजून दिली जाई. तेथील उत्खननात इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचे एक मातीचे भांडे सापडले आहे. त्यात सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि बुडाशी असलेल्या नळीतून ते साधारण सहा मिनिटांत वाहून जाते. कायद्याचे कलम किंवा साक्ष वाचून दाखवली जात असताना नळीचे तोंड बंद करीत, कारण तेवढा अवधी बोलणाऱ्याच्या वाट्यातला धरत नसत. न्यायबुद्धी इतक्या बारकाव्यापर्यंत पोहोचली होती, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

इराणमध्ये भुयारी कालव्याचे पाणी शेतांना वाटून देताना तळाला बारीक भोक असलेली धातूची वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडत. ती हळूहळू भरून बुडाली की एक माप पुरे होई आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेला, शेतकऱ्यांच्या विश्वासातला माणूस ती रिकामी करून पुन्हा तरंगत ठेवी. भारतातले घटिकापात्र याच तत्त्वावर चाले. अहोरात्राच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. आपण आजही ‘घटका भरली’ म्हणतो, ते या पात्रावरूनच.

प्रश्न : गजराचे घड्याळ नसलेल्या गिरणी कामगारांना पहाटे कोण उठवी?

उत्तर : ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत हे काम करून पोट भरणारी माणसे होती. लांब काठीने ती माडीवरच्या खिडकीच्या काचेवर टकटक करीत आणि झोपलेला माणूस खिडकीशी येऊन जागा झाल्याची खूण देईपर्यंत बरेचजण तिथून हलत नसत.