रोज ध्यान करूनही काही बदलल्यासारखं वाटत नाही. प्रगती ओळखायची कशी?

तुम्ही लिहिलंय की सकाळ-संध्याकाळ विपश्यनेला (शरीरातल्या संवेदना पाहण्याच्या ध्यानाला) बसता, पण पहिल्या शिबिरात अंगभर संवेदनांचा जो अखंड धाराप्रवाह जाणवला होता तो आता येत नाही, तेव्हा आपण मागे तर पडत नाही ना? मी इगतपुरीला पहिलं शिबिर केलं त्याला बराच काळ लोटला. माझ्या मते बदल आसनावर शोधूच नका.

शिबिरात दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर जो कलकलाट होतो तो आठवा. निम्म्या गप्पा धारेच्याच. 'तुम्हाला आली का? मला मानेच्या वर काहीच नाही बुवा.' आणि ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी तर शिबिरात ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रित प्रवचनांतून उलटंच सांगतात: संवेदना कोणती आली हे मोजू नका, तिच्याकडे किती समतेनं, म्हणजे ओढ किंवा चीड न धरता, पाहता आलं ते पाहा. ऐकतात सगळे, चौकशी मात्र धारेचीच!

माझ्या बाबतीत बदल दिसला तो फोनवर. माहेरच्या जमिनीवरून भावाशी वाद आहे. पूर्वी त्याचा फोन येऊन गेला की पुढचे दोन दिवस घरात भांडी आपटायची, आणि रात्री मी अंथरुणात पडून त्याला द्यायची उत्तरं रचत असायची, एकाहून एक सरस. आता काय, राग येत नाही? येतो की. छातीत तशीच धडधड होते, कानशिलं तशीच तापतात. पण संध्याकाळी कुकर लावेपर्यंत विषय मागे पडलेला असतो. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एकदा लेकच म्हणाली, "मामाचा फोन येऊन गेला? कळलंच नाही!"

राग येतो की नाही यापेक्षा तो किती वेळ मुक्काम करतो ते पाहावं, असं मी तेव्हापासून धरून चालते. सगळीकडे सारखी प्रगती होत नाही, हेही खरं. लेकीच्या मार्कांचा विषय निघाला की माझी समता अजून दहा मिनिटंही टिकत नाही.

एक धोका मात्र आहे. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात समतेचे दोन प्रकारचे शत्रू सांगितलेत. लांबचे म्हणजे आसक्ती आणि द्वेष. ते लगेच ओळखू येतात. जवळचा म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी, आणि ती दिसायला अगदी समतेसारखीच असते. 'मला आता कशाचंच काही वाटत नाही' असं अभिमानानं सांगणारे जुने साधक भेटले की मला ही वाटणी आठवते. भावावर चडफडणं कमी झालं म्हणून मी हक्कसोड पत्रावर सही केलेली नाही. वकिलाकडे कागद वेळेवर जातात, आणि भाऊबीजेला मी ओवाळायलाही जाते. हे दोन्ही जमत असेल तर ठीक चाललंय असं समजते.

तुम्हाला पडताळायचंच असेल तर घरच्यांना विचारा. पण 'माझ्यात काही बदल झालाय का?' असं नको, त्याला सगळे चांगलंच उत्तर देतात. मागच्या भांडणानंतर मी किती दिवस अबोला धरला होता, आणि त्याच्या आधीच्या वेळी किती, एवढंच विचारा.