क्लिक घटले म्हणून एसईओ सोडू का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर एसईओ (सर्चमध्ये साइट वर आणण्याचं तंत्र) शिकलो, सरावासाठी स्वतःची वेबसाइटही चालवतो. तिची पानं गूगलच्या निकालांत पहिल्या पानावर येतात. पण सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात इम्प्रेशन (निकालांत साइट किती वेळा दिसली) वाढत असताना क्लिक कमी होत आहेत. गूगल सगळ्यात वर एआयचं उत्तरच देतं. हे क्षेत्र सोडून द्यावं का?

उत्तर : क्षेत्र सोडू नकोस, पण जे शिकलास त्यातला काही भाग मात्र खरंच सोडावा लागेल.

गूगलने निकालांची क्रमवारी ठरवण्यात केलेल्या २०११च्या 'पांडा' बदलाने उथळ मजकुराला, तर २०१२च्या 'पेंग्विन' बदलाने विकत घेतलेल्या लिंकना दणका दिला. तेव्हा वर कोण येणार, एवढंच बदललं. मे २०२४ पासून अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू (निकालांच्या वर दिसणारी एआयची उत्तरं) सर्वांसाठी सुरू झाले आणि नंतर इतर देशांत पसरले. आता निकालाचं पानच वेगळं झालंय. पहिला नंबर मिळूनही क्लिक मिळेलच असं नाही. तुझ्या आलेखात बहुधा हेच दिसतंय. खात्री मात्र करून घे.

त्यासाठी ज्यांत तुझी साइट दिसते असे वीस सर्च निवड. प्रत्येक सर्च स्वतः करून वर काय दिसतं ते शीटमध्ये लिही : एआयचं उत्तर, नकाशा, व्हिडिओ, की साध्या लिंक. मग सर्च कन्सोलमधले त्यांचे क्लिक गटागटाने ताडून पाहा. हे दोन महिने नेटाने कर. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही शीट जास्त बोलेल, असं मला मनापासून वाटतं.

'अमुक म्हणजे काय' छापाची पानं लिहिणं थांबव. ते उत्तर वरच मिळतं. स्वतः वापरून केलेली तुलना, स्वतः काढलेले फोटो, आकडे टाकून हिशेब करता येईल असं साधन, यांसाठी माणूस अजूनही आत येतो. गूगलनेही डिसेंबर २०२२ मध्ये गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'अनुभव' हा निकष वाढवला.

तांत्रिक बाजू मात्र पक्की ठेव. पान इंडेक्सच (म्हणजे गूगलच्या नोंदीत जमा) झालं नाही, तर एआयच्या उत्तराखाली त्याची लिंकही येणार नाही. अनॅलिटिक्स (साइटवरच्या भेटींच्या आकड्यांचा अभ्यास) आणि थोडं एचटीएमएल (वेब पानं बनवण्याची भाषा) जमत असेल, तर कंटेंट आणि डेटाची कामंही तुझ्या आवाक्यात येतात.

तोवर नव्या कोर्सची फी भरू नकोस. शीट पूर्ण झाली की पुन्हा लिही. कुठल्या गटात क्लिक टिकले, ते पाहून पुढचं ठरवू.