प्लॅन वाढवला तरी अभंग अडकतोच!

प्रश्न : दादा, आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, टू बीएचके आहे. सासूबाईंना सकाळी स्वयंपाक करताना अभंग लागतात म्हणून ओट्यावर वायफाय स्पीकर ठेवलाय, पण अभंग रंगात आला की मधेच गप्प होतो. नेटवाल्याने सांगितलं म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला, फरक शून्य. राऊटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात आहे, वायरी दिसू नयेत म्हणून. आता महागातला राऊटर घेऊ का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : ताई, राऊटर घेऊ नका, आणि प्लॅनही परत १०० चा करून टाका. गाण्याला नेट लागतं किती? चांगल्या क्वालिटीचं स्ट्रीमिंग ३२० केबीपीएसमध्ये होतं, अगदी सीडीच्या तोडीचं म्हटलं तरी १४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. घरात नेट भरपूर येतंय, ते कपाटातून ओट्यापर्यंत पोचत नाहीये, दुखणं तिथे आहे.

तर आधी राऊटर कपाटातून बाहेर काढा. पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघडा. मधे आरसा, फ्रिज किंवा काँक्रीटचा खांब येऊ देऊ नका, सिग्नल तिथेच मरतो. फायबरची ती बारीक वायर मात्र स्वतः ओढू-वाकवू नका, तुटते, त्यासाठी नेटवाल्यालाच बोलवा.

आता सकाळीच का अडकतं ते बघा. दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावता का त्या वेळी? तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि छोटे स्पीकर बरेचदा फक्त २.४ च्याच वायफायवर, त्यामुळे मायक्रोवेव्ह चालू झाला की स्पीकरला नीट ऐकूच येत नाही. एक दिवस दूध गॅसवर तापवून बघा, लगेच कळेल. तसं निघालं तर स्पीकर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या.

टॉवरमधली खरी डोकेदुखी म्हणजे शेजारी. फोनमध्ये वायफायची लिस्ट उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील, आणि २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (म्हणजे वायफायच्या लेन) तीनच, १, ६ आणि ११. वायफाय अ‍ॅनलायझरचं फुकट अ‍ॅप टाकून यातला सगळ्यात कमी गर्दीचा कुठला ते बघायचं, राऊटरच्या सेटिंगमध्ये तो फिक्स करायचा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवायची. ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिथे जाऊ नका हं, दोन्हीकडचा गोंगाट खाल.

फोन, लॅपटॉप राऊटरच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, टीव्हीला सरळ लॅनची वायर द्या (कॅट ६ प्रकारची घ्या, ती शंभर मीटरपर्यंत चालते), म्हणजे २.४ ची हवा स्पीकरला मोकळी. स्पीकर ५ वर चालत असेल तर तोही तिकडेच घ्या, शेजाऱ्यांचं ५ भिंती ओलांडून फारसं येत नाही. फक्त आपलंही ओलांडत नाही, म्हणून तर राऊटरची जागा महत्त्वाची. स्वस्तातला रिपीटर मी कुणालाच सुचवत नाही, तो त्याच हवेतून ऐकतो, त्याच हवेतून परत बोलतो, गर्दी वाढते फक्त. गरज पडलीच तर मेश घ्या, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन डबे, त्यांच्यामधे वायर टाकून.

आणि स्पीकर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) ठेवू नका, बरेचदा फोनला तो सापडतच नाही.

एवढं करून चार दिवस सकाळी ऐकून बघा. तरी अडकलं तर घराचा साधा हाताने काढलेला नकाशा पाठवा, कुठली भिंत आडवी येतेय ते शोधू.