छोट्या गावात एकत्र बसून लिहायचा ग्रुप चालतो का? चालवायचा कसा?

तुम्ही गंगाखेडचे, ओळखीत तिघं-चौघं लिहिणारे आहेत, घरी कुणाचंच लिहून होत नाही म्हणून आठवड्यातून एकदा जमून सोबतच लिहायला बसावं म्हणताय, तर हे चालेल का, जागा कुठली, नियम काय आणि वर्गणी घ्यायची का, असं विचारलंय.

चालतं. आम्ही अंबाजोगाईत करायलोत. फक्त एक सांभाळा, त्याचा कार्यक्रम होऊ देऊ नका. आपल्याकडं चार माणसं वही घेऊन जमली की पाचवा शाल-श्रीफळ घेऊन येतो, मग अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कुणाकडं, बॅनरवर फोटो कुणाचा, प्रास्ताविकातच अर्धा तास, आणि लिहिणं 'वेळेअभावी' पुढच्या खेपेला. आमच्या गावात तर हा धोका जास्तच, मुकुंदराजांची समाधी इथं, दासोपंत इथले, त्यामुळं आद्यकवीचं गाव म्हणून भाषण ठोकायला कुणालाही निमित्त लागत नाही. अहो पण दासोपंतांनी एवढ्या लांबलचक पासोडीवर, म्हणजे चक्क कापडावर, ओव्या लिहून काढल्या ते बूड टेकून बसले म्हणूनच ना.

तर पहिला नियम हाच की इथं वाचायचं ते आज इथं बसून लिहिलेलंच. हा नियम कडक ठेवा, कारण खिशातून तयार कविता काढणारे पहिल्या दिवशी येणारच, आणि एकानं काढली की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. नियम कळला की त्यातले निम्मे आपोआप यायचे बंद होतात, राहतात ते कामाचे. दुसरं म्हणजे वाचायची सक्ती नाही, आणि ज्यानं वाचलं त्याला लगेच 'वा वा, क्या बात' नाही की व्याकरणाच्या चुका नाहीत. रिटायर गुरुजी असले तर त्यांना हे जरा अवघड जातं, लाल पेनाची सवय असते, पण ऐकतात.

वेळेचं म्हणाल तर ४० मिनिटं लिहायचं, चहा, परत ४०. पुण्याहून गावी आलेल्या एका पोरानं २५ मिनिटांचा टायमर लावायची पद्धत आणली होती, ती इटलीच्या एका माणसानं कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर काढलेली आहे म्हणे, अभ्यासाला चांगली आहे पण आमच्यातल्या वयस्कर मंडळींचा चष्मा पुसून पहिलं वाक्य येईस्तोवर घंटी वाजायची. त्यानंच नॅनोरायमोचंही सांगितलं. अमेरिकेत १९९९ ला सुरू झालेला प्रकार, नोव्हेंबर महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, म्हणजे रोजचे साधारण १,६६७ शब्द, आणि त्यासाठी लोक कॅफेत, लायब्ररीत जमून सोबत लिहायचे. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण सोबत बसायची आयडिया घेण्यासारखीच आहे. आकडा मात्र घेऊ नका. नोव्हेंबरात आपल्याकडं कापूस वेचणी, हरभऱ्याची पेरणी, मधेच दिवाळी, आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली, कोण देणार १,६६७ शब्द रोज.

जागा म्हणून हॉटेल धरू नका. पुण्यात एक कॉफी घेऊन दोन तास बसू देतात, आपल्याकडं कप खाली ठेवला की पोरगं फडकं घेऊन टेबलापाशी उभं. मंदिराचा सभामंडप गार असतो खरा पण भजन कधी सुरू होईल नेम नाही. सगळ्यात बरं म्हणजे शासनमान्य सार्वजनिक वाचनालय, ग्रंथपालांना जाऊन भेटा, रजिस्टरला एक उपक्रम दिसतो म्हणून त्यांनाही ते हवंच असतं. जिथं एमपीएससीच्या पोरांची अभ्यासिका असते तिथं तर शांतता आयतीच मिळते, कुणी कुजबुजलं तरी पोरं मान वर करून बघतात.

वार ठरवताना बायकांना आधी विचारा. रविवार सकाळ सगळ्यांना सोयीची वाटते, ती फक्त पुरुषांना. घरातले सगळे घरी, धुणं, नाश्ता दोनदा, आणि नळही नेमके त्याच दिवशी यायचे. शनिवारी शाळा सकाळची असते म्हणून आम्ही शनिवार दुपारी ४ ठेवलाय, मास्तर, मॅडम, अंगणवाडी सेविका सगळ्यांना जमतं. नळाला पाणी आलं तर मधूनच उठून जायची मुभा, त्याला कुणी काही म्हणायचं नाही. तुमच्याकडं गोदावरी आहे, पण नळाचं टाइमटेबल तुम्हालाही असेलच.

विषय द्यायचा तर हाताला लागणारा द्या. 'निसर्ग', 'आई' दिलं की सगळे शाळेतल्या निबंधासारखं लिहितात. एकदा 'काटा' एवढाच विषय दिला, तर एकानं बाभळीचा लिहिला, एकानं घड्याळाचा, आणि एका सेविकाबाईंनी वजनकाट्याचा. लेकरू झोळीत घातलं की पाय झाडतं, काटा थरथरत राहतो, आई म्हणते बाई जरा जास्तच लिवा, सासू दारात उभी आहे, आणि वही उघडून बाई तशाच थांबल्यात. एवढंच, पानभर. वाचून झाल्यावर कुणी बोलायचं नाही हा नियम होताच, पण नसता तरी कुणी बोललं नसतं.

मोबाईलवर लिहिणाऱ्यांना लिहू द्या, पण बोलून टाइप करणाऱ्याला व्हरांड्यात बसवा नाहीतर सगळ्यांच्या वाक्यात त्याची वाक्यं घुसतात. आणि कुणाला दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर युनिकोडमध्येच टाइप करायला लावा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत करून आणतात, छापून एकदम झकास दिसतं, आणि तीच फाइल ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याच्याकडं उघडली की नुसती चिन्हं. अंकाचं साहित्य पावसाळ्यातच मागतात हेही लक्षात असू द्या, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही.

वर्गणी घेऊ नका. वर्गणी आली की खजिनदार येतो, खजिनदार आला की बाकीची कार्यकारिणी. चहाचे पैसे त्या दिवशी जे आले त्यांनी तिथंच काढायचे. व्हॉट्सॲप ग्रुप करा पण मेसेज फक्त ॲडमिनला टाकता येईल अशी सेटिंग ठेवा, शुक्रवारी रात्री 'उद्या ४ ला, वही-पेन आणा' एवढा एकच टाका. तिघं आले तरी सुरू करा, उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नका.