वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डच्या दुकानातली माणसे आणि संगीतकार

प्रश्न : परदेशी संगीतकारांच्या मुलाखती वाचताना असे आढळते की त्यांपैकी बरेच जण गावातल्या एखाद्या लहान, स्वतंत्र मालकीच्या रेकॉर्डच्या दुकानाबद्दल आणि तिथल्या नोकरमाणसांबद्दल फार जिव्हाळ्याने बोलतात. आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे गिटारवादक पीटर बक हे तर स्वतःच अशा दुकानात कामाला होते, असे वाचले. हा जिव्हाळा खरा असतो, की आपल्या रेकॉर्ड विकणाऱ्यांना खूश ठेवण्याची ही एक रीत आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बक यांच्या बाबतीत तो जिव्हाळा खरा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन, कारण त्यांच्या आयुष्यात दुकान आधी आले आणि बँड नंतर. अटलांटातील एमरी विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वक्स्ट्री या रेकॉर्डच्या दुकानात कामाला लागले आणि पुढे त्याच मालकांच्या अथेन्समधील दुकानात आले. हे अथेन्स ग्रीसमधले नव्हे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले, राज्याच्या विद्यापीठाभोवती वाढलेले ते एक लहान शहर आहे. वक्स्ट्री तिथे १९७६ मध्ये सुरू झाले, आणि नव्या रेकॉर्डबरोबर जुन्या, वापरलेल्या रेकॉर्डची खरेदी-विक्री हा त्याच्या व्यवसायाचा मोठा भाग होता.

जुन्या रेकॉर्डचा व्यवहार करणाऱ्या दुकानातला माणूस नुसता विक्रेता राहूच शकत नाही. पैशांची चणचण असलेला विद्यार्थी आपला संग्रह पिशवीत घालून घेऊन येतो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक तबकडी उजेडात धरून तिच्यावरचे ओरखडे पाहावे लागतात, ती मूळ आवृत्ती आहे की नंतरची हे ओळखावे लागते आणि गावात ती घेणारे कोणी आहे का, याचा अंदाज बांधून तिथल्या तिथे किंमत सांगावी लागते. हे काम करताना त्याला सगळ्या प्रकारचे संगीत ऐकावे लागते, स्वतःला न आवडणारेही. शिवाय दुकान उघडे असते तोवर काही ना काही वाजत असतेच. बँड सुरू झाला तेव्हा बक हे काही सराईत गिटारवादक नव्हते. पण त्यांनी ऐकले मात्र अफाट होते. लांबलचक एकल वादन टाळून तारा सुट्या सुट्या छेडत गाण्याला आधार देण्याची जी त्यांची शैली पुढे ओळखीची झाली, तिच्यात बोटांच्या करामतीपेक्षा काय वाजवू नये याची समज अधिक आहे, आणि ती समज दुकानातल्या वर्षांनी दिली, असे माझे मत आहे.

याच दुकानात मायकेल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी ग्राहक म्हणून येत असे. बक यांनी स्वतःसाठी म्हणून मनात धरून ठेवलेल्या रेकॉर्ड नेमका हाच मुलगा विकत नेतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून बोलणे सुरू झाले. गायिका पॅटी स्मिथ आणि टेलिव्हिजन, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हे बँड, ही दोघांच्याही आवडीची नावे निघाली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे आणखी दोन विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले आणि ५ एप्रिल १९८० रोजी, पूजेसाठी वापरात नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, हे चौघे, म्हणजेच पुढचे आर.ई.एम., पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. कोण कुठली रेकॉर्ड नेतो याकडे दुकानातल्या माणसाचे लक्ष होते, म्हणून हे घडले.

त्या परिसरात दुकान आणि संगीत यांची सांगड आधीच बसलेली होती. अथेन्सच्याच बी-फिफ्टीटूज या बँडची पहिली रेकॉर्ड, ‘रॉक लॉबस्टर’, १९७८ मध्ये निघाली, ती कोणा मोठ्या कंपनीकडून नव्हे. अटलांटात वॅक्स ‘न’ फॅक्ट्स नावाचे दुकान चालवणारे डॅनी बीअर्ड यांनी तेवढ्यासाठी डीबी रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली. असा निर्णय दुकानदारच घेऊ शकतो, कारण गिऱ्हाईक काय मागते आणि काय न मिळाल्याने हिरमुसून परत जाते, हे तो रोज पाहत असतो. आर.ई.एम.ची पहिली रेकॉर्ड १९८१ मध्ये अशाच एका छोट्या कंपनीने काढली आणि पहिल्या खेपेला तिच्या केवळ १,००० प्रती छापल्या. इतक्या थोड्या प्रतींच्या मागे जाहिरातीचे बळ नसते. लहान दुकानातल्या कोणीतरी ती उचलून वाजवायला लावावी आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने ‘हे काय वाजते आहे?’ असे विचारावे, हीच तिची जाहिरात.

आपली शंका सर्वस्वी निराधार आहे, असेही नाही. २००८ पासून दर वर्षी, बहुधा एप्रिलमध्ये, ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो. स्वतंत्र दुकानांसाठी त्या दिवशी खास रेकॉर्ड निघतात आणि एखाद्या नामवंत संगीतकाराला त्या वर्षाचा दूत म्हणून नेमले जाते. अशा प्रसंगी केलेल्या स्तुतीत औपचारिकतेचा भाग असतोच. तरीही २०१२ चे दूत इगी पॉप हे तरुणपणी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करत होते आणि ‘इगी’ हे नावही त्यांना त्या काळातच चिकटले, हे विसरता येत नाही. बक यांचे तर याहूनही स्पष्ट आहे. २०११ मध्ये आर.ई.एम.ने काम थांबवल्यानंतर त्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाचा अल्बम काढला, तो फक्त तबकडीच्या रूपात आणि पोर्टलंडमधल्या मिसिसिपी रेकॉर्ड्सकडून, जे त्या वेळी स्वतःच एक लहान दुकान होते आणि प्रकाशनही करत असे. ज्या बँडच्या कोट्यवधी प्रती खपल्या त्याच्या गिटारवादकाला कोणाला खूश ठेवण्याची गरज त्या वेळी उरलेली नव्हती. त्यांनी आपले काम आपल्या माणसांकडे नेले, असेच मी त्याकडे पाहतो.

प्रश्न : दुकानातला माणूस फार तर एखादी चांगली रेकॉर्ड सुचवेल, हे मान्य. पण प्रत्यक्ष संगीत घडवण्यात त्याचा वाटा असतो, हे म्हणणे मला अतिशयोक्त वाटते. मी स्वतः कीबोर्ड वाजवते आणि माझे शिक्षण गुरूंकडे व रियाजातून झाले.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या शिक्षणाच्या मार्गाबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका दुकानाची हकिगत मी आपल्यासमोर ठेवतो, आणि ती वाचून आपणच ठरवावे. जिम स्टुअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन हे दोघेही बँकेत नोकरी करणारे. भावाला रेकॉर्डिंगचा नाद होता आणि त्याला चांगले यंत्र मिळावे म्हणून बहिणीने राहते घर गहाण ठेवले. १९६० मध्ये त्यांनी मॅक्लेमोर अव्हेन्यूवरचे बंद पडलेले एक चित्रपटगृह भाड्याने घेतले. प्रेक्षागृहात स्टुडिओ झाला आणि प्रवेशद्वाराजवळ जिथे पूर्वी खाऊ विकला जाई, तिथे एस्टेल यांनी रेकॉर्डचे दुकान थाटले. पुढे ‘स्टॅक्स’ या नावाने जगभर गेलेली कंपनी ती हीच. आणि सुरुवातीच्या अडचणीच्या काळात स्टुडिओला या दुकानाच्या विक्रीचा आधार होता.

एस्टेलबाईंनी त्या दुकानाचा उपयोग कसा केला, ते मला विलक्षण वाटते. वस्तीतली मुले-मुली येत, रेकॉर्ड ऐकत, काही घेत, काही परत ठेवत. कोणती का घेतली आणि कोणती का ठेवली, हे त्या विचारत. आत स्टुडिओत झालेले नवे काम त्या बाहेर दुकानात वाजवून पाहत आणि ऐकणाऱ्यांचे पाय हलतात की नाही, यावरून त्याचे मोल ठरवत. १९६१ मध्ये ‘लास्ट नाइट’ हे वाद्यसंगीत बाजारात आणायला भाऊ फारसा उत्सुक नव्हता. बहिणीने हट्ट धरला, आणि ती रेकॉर्ड देशभर गाजली. ते वाजवणाऱ्या बँडमध्ये एस्टेलबाईंचा मुलगाही होता, तेव्हा त्या हट्टात आईची माया असेलच. पण दुकानात बसून कमावलेला अंदाजही होता.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. या दुकानाच्या काउंटरमागे काम करणाऱ्यांत स्टीव्ह क्रॉपर होते. दिवसभर लोकांना रेकॉर्ड काढून द्यायच्या आणि वेळ झाली की आत जाऊन गिटार हाती घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. कुठले गाणे गिऱ्हाईकाला पहिल्या काही सेकंदांत धरून ठेवते, हे त्यांनी असे पाहिले, आणि त्याच क्रॉपर यांनी पुढे ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट या गायकांसोबत गाणी रचली. दुकानात तासन्‌तास ऐकत उभा राहणारा शाळकरी मुलगा म्हणजे बुकर टी. जोन्स. तो आधी सॅक्सोफोन वाजवायला आत गेला आणि १९६२ मध्ये ‘ग्रीन अनियन्स’मधल्या ऑर्गनने प्रसिद्ध झाला. आपण कीबोर्ड वाजवता, म्हणून ही रचना आपण जरूर ऐकावी. तिच्यात सूर मोजके आहेत आणि ताल कुठेही ढळत नाही. डीनी पार्कर यांनीही त्या दुकानात काम केले, गाणी लिहिली आणि नंतर कंपनीच्या प्रसिद्धीची धुरा सांभाळली.

मेम्फिसमध्ये त्या काळी गोऱ्या आणि काळ्या लोकांनी शाळेत, उपाहारगृहात, बसमध्ये एकत्र बसणे दुरापास्त होते. एस्टेलबाई गोऱ्या, क्रॉपर गोरे, वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची. त्या वस्तीतल्या कोणालाही आत येऊन ऐकायला मज्जाव नाही, असे ते दार होते, आणि माझ्या मते स्टॅक्सच्या संगीताच्या घडणीत त्या दाराचा वाटा स्टुडिओतल्या कोणत्याही यंत्राहून मोठा आहे. गुरू आणि रियाज यांची जागा दुकान घेत नाही, हे आपले म्हणणे बरोबर. पण ऐकणाऱ्याला काय पोहोचते, हे एकट्याने खोलीत बसून कळत नाही.

प्रश्न : अशा दुकानांतले कर्मचारी उद्धट असतात, आपली निवड ऐकून नाक मुरडतात, असेही ऐकले आहे. मग त्यांचे कौतुक कशासाठी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तसे काही असत, यात शंका नाही. लिव्हरपूलच्या प्रोब रेकॉर्ड्समध्ये पीट बर्न्स काउंटरवर असत आणि न पटणारी रेकॉर्ड मागणाऱ्याला ते चांगलेच फैलावर घेत. हेच बर्न्स नंतर डेड ऑर अलाइव्ह या बँडचे गायक म्हणून गाजले. नवख्या मुलामुलींना अशा वागण्याने दुकानाची पायरी चढावीशी वाटत नाही, म्हणून मी त्याचे समर्थन करणार नाही. मात्र नाक मुरडणाऱ्या माणसाला निदान मत असते, आणि ते मत कोणा कंपनीने त्याला पढवलेले नसते. पगार बेताचा, उभे राहून काम, तरीही माणसे वर्षानुवर्षे तिथेच टिकत, ती संगीतासाठीच. संगीतकारांना त्यांचे मोल वाटते ते यामुळे.

प्रश्न : आपल्याकडे असे काही होते का? आणि आज एखाद्या तरुण वादकाने अशा दुकानात जाऊन नेमके काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होते. मुंबईत काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांत गायक-वादकांच्या कितीतरी पिढ्या होत्या. पुण्याचे अलूरकर म्युझिक हाउस तर डॅनी बीअर्ड यांच्या जातकुळीचे, म्हणजे दुकानही आणि प्रकाशनही. शास्त्रीय गायनाच्या आणि पु. ल. देशपांडे यांच्या कथनाच्या ध्वनिफिती सुरेश अलूरकर यांनी ज्या आस्थेने काढल्या, त्या आस्थेची आठवण जुने रसिक अजूनही काढतात. आज मुंबईत माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे, आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्या धुंडाळता येतात.

तिथे गेल्यावर ‘चांगले काय आहे?’ असे मोघम विचारू नये. आपण सध्या काय ऐकत आहोत आणि त्यातले नेमके काय आवडते, ठेका की आवाज की वाद्यांचा मेळ, हे सांगावे आणि त्याच्या जवळचे काय आहे, ते विचारावे. परवडेल तेवढी एक रेकॉर्ड घ्यावी. वेष्टनाचे छायाचित्र काढून घरी जाऊन इंटरनेटवरून मागवणे हे त्या माणसाच्या वेळेवर अन्याय करणारे आहे, ते टाळावे. घेतलेली रेकॉर्ड पुरती ऐकून पुन्हा जावे आणि ती कशी वाटली हे त्याच माणसाला सांगावे, आवडली नसली तरीही, म्हणजे पुढच्या वेळी कपाटातून काय काढून द्यायचे हे त्याला ठरवता येईल.