नाकाच्या पडद्याचे छिद्र आणि सहीसाठी पुढे केलेला कागद

कुपवाड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ३४ असून गेली सहा वर्षे ते एका कारखान्याच्या हार्ड क्रोम प्लेटिंग (वीज सोडून धातूवर क्रोमियमचा कठीण थर चढवणे) खात्यात ठेकेदारामार्फत कामाला आहेत. क्रोमिक ॲसिडच्या टाकीत जॉब, म्हणजे थर चढवायचे सुटे भाग, सोडणे आणि काढणे हे त्यांचे रोजचे काम आहे. वर्षभर त्यांच्या नाकात खपल्या धरत होत्या आणि अधूनमधून घोळणा फुटत होता. बोटांवर गोल, खोल जखमा झाल्या होत्या, पण त्या दुखत नसल्यामुळे त्यांनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले तेव्हा नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार छिद्र पडल्याचे आढळले. ठेकेदाराचे म्हणणे असे की हे तपकिरीमुळे झाले आहे. ४०,००० रुपये घेऊन राजीनाम्यावर आणि ‘माझी कोणतीही तक्रार व मागणी उरलेली नाही’ अशा कागदावर सही करावी, असा आग्रह सध्या चालू आहे. सही करावी का, नुकसानभरपाई मिळेल का आणि नोकरीचे काय होईल, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. त्या कागदावर सही करू नका. कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कामगाराने कराराने सोडून दिला, तरी तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, ही तरतूद १९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमापासून आपल्या कायद्यात आहे. त्यामुळे सही झाली तरी तुमचा हक्क संपत नाही, हे खरे आहे. राजीनाम्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो स्वखुशीने दिला नव्हता हे नंतर सिद्ध करताना माणसाची वर्षे जातात आणि तोवर टाकीवरचे तुमचे सहकारी व तिथली कागदपत्रे दोन्ही पांगलेली असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत वीज सोडली की तिचा मोठा भाग धातू चढवण्यात खर्च न होता पाण्याचे विघटन करण्यात जातो, हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर ॲसिडचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. हे थेंब श्वासाबरोबर आत जातात आणि नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागावर बसतात. त्यातले षट्संयोजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, तिथल्या ऊतींचा हळूहळू नाश करते. पडदा झिजून छिद्र पडेपर्यंत माणसाला बहुधा फारशा वेदना होत नाहीत, आणि बोटांवरच्या जखमांचेही तसेच आहे. तुम्ही पत्रात ‘दुखत नव्हते म्हणून गेलो नाही’ असे लिहून स्वतःला दोष दिला आहे. तो दोष तुमचा नाही. न दुखणे हे या आजाराचे लक्षणच आहे, आणि म्हणूनच अशा कामावरच्या माणसांची नियमित वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. वर्षातून एकदा रक्तदाब मोजून आणि छातीला नळी लावून तुमची तपासणी आटोपली जात होती, असे तुम्ही म्हणता. क्रोमच्या टाकीवरच्या माणसाचे नाक आणि हात पाहिले नसतील, तर ती तपासणी झाली असे मी मानणार नाही.

क्रोमियम किंवा त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार हे कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील ‘ब’ भागात व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद आहेत. अनुसूचीच्या त्या भागात नमूद केलेल्या कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला असा आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर येतो. म्हणजे तुम्ही तपकीर ओढत नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. आजार क्रोमचा नसून तपकिरीचा आहे, हे त्यांनी दाखवायचे आहे. सहा वर्षे क्रोमिक ॲसिडच्या टाकीवर उभ्या राहिलेल्या आणि बोटांवर तशाच जखमा असलेल्या माणसाबाबत ते दाखवणे सोपे नाही.

मात्र हे अनुमान तुमच्या मदतीला येण्यासाठी दोन गोष्टी कागदावर असाव्या लागतात. एक, हा आजार क्रोमियममुळे झालेला आहे किंवा तसा दाट संशय आहे, असे डॉक्टरांच्या हातचे लिखाण. दोन, तुम्ही प्रत्यक्ष त्या टाकीवर काम करत होता याचा पुरावा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ दुसऱ्या गोष्टीबद्दलची आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर तुमच्या नावापुढे फक्त ‘हेल्पर’ असे लिहिलेले आहे, आणि उद्या ‘हा तर पॅकिंगला होता’ असे म्हणायला त्यांना तेवढे पुरेल. म्हणून खाते आणि शिफ्ट दाखवणारे तक्ते, जॉबकार्डावरच्या तुमच्या सह्या, हातमोजे व गमबूट दिल्याच्या नोंदी, सुपरवायझरने कोणत्या टाकीवर जायचे हे कळवलेले मोबाइलवरचे संदेश, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, जे जे तुमच्याजवळ आहे त्याच्या प्रती काढून त्या घरी ठेवा. मोबाइल बदलू नका आणि संदेश पुसू नका. तुमच्याबरोबर त्याच टाकीवर असलेल्या दोघांनी लिहून दिले तर त्याचे मोल फार आहे, पण त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, त्यामुळे त्यांना आताच अडचणीत आणू नका. ते कोण आहेत एवढे नोंदवून ठेवा.

पहिल्या गोष्टीसाठी कामगार विमा दवाखान्यात जा. तुमच्या पगारस्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसते, म्हणजे तुम्ही विमाधारक आहात. ठेकेदाराने ती रक्कम भरली नसेल अशी भीती तुम्हाला वाटते. वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कारखान्याची आहे. त्याने ती चुकवली तरी ईएसआय महामंडळ तुम्हाला लाभ देऊन ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. ‘हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे कारखान्याचे म्हणणे इथे टिकत नाही. दवाखान्यात फक्त ‘नाकातून रक्त येते’ असे सांगून थांबू नका. कोणते रसायन, कोणती टाकी, किती वर्षे आणि दिवसाला किती तास, हे सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे अशी नम्र पण ठाम विनंती करा. मिरजेच्या तज्ज्ञांचा अहवाल जोडा आणि प्रकरण व्यवसायजन्य आजारांच्या विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे, असा लेखी अर्ज द्या. लघवीतील क्रोमियमची चाचणी आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर घेतली तर अलीकडचा संपर्क नीट दिसतो, आणि टाकीपासून दूर राहिल्यावर ते प्रमाण उतरत जाते. म्हणून ती चाचणी याच आठवड्यात करून घ्या, पण तेवढ्यासाठी टाकीवरचा मुक्काम एका दिवसानेही वाढवू नका.

डॉक्टरांवरही एक कर्तव्य आहे, हे त्यांना आदराने सांगायला हरकत नाही. क्रोममुळे होणारे व्रण आणि त्यांचे परिणाम हा कळवण्यास बंधनकारक असलेला आजार आहे, आणि कारखान्यातील कामगारात तो आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांनी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवणे आवश्यक असते.

कायदे बदलल्याचे तुमच्या कानावर आले आहे, ते बरोबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम १९४८, कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ आणि १९२३ चा नुकसानभरपाई अधिनियम यांची जागा २०२० च्या कामगार संहितांनी, म्हणजे नव्या एकत्रित कायद्यांनी, घेतली आहे. तुमच्यापुरता महत्त्वाचा भाग, म्हणजे क्रोमियमचा आजार, सहा महिन्यांची अट, तुमच्या बाजूचे अनुमान आणि धोकादायक प्रक्रियांमध्ये इलेक्ट्रोप्लेटिंगचा समावेश, हा नव्या कायद्यातही कायम आहे. त्यामुळे ‘जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पैशांबद्दल मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आजारामुळे कामावर जाता येत नाही त्या काळात ईएसआयकडून सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के दराने ‘तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ’ मिळतो. कायमची हानी असल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. नाकाच्या पडद्याच्या छिद्रापुरती ही टक्केवारी फार मोठी न येण्याचीच शक्यता आहे. शिवाय ईएसआयचे संरक्षण असताना त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. तरीही मी या मार्गाचा आग्रह धरते, कारण षट्संयोजी क्रोमियम हे माणसात फुफ्फुसाचा कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे आणि असा आजार संपर्कानंतर पुष्कळ वर्षांनी दिसू शकतो. तो तुम्हाला होईलच असे मुळीच नाही. पण आज आजाराची अधिकृत नोंद झाली, तर पुढे प्रकृती बिघडल्यास मंडळाच्या निर्णयाचा फेरविचार मागता येतो. आज ४०,००० रुपयांवर गप्प बसलात, तर त्या वेळी मागे वळून दाखवायला हातात काही राहणार नाही.

तुमच्या आरोग्य-नोंदी पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कायद्यात आला. कारखाना आणि ठेकेदार या दोघांनाही एकच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. आजाराची सूचना, आरोग्य-नोंदींच्या प्रतींची मागणी आणि क्रोमचा संपर्क नसलेल्या खात्यात बदली, एवढेच त्यात असावे. आरोप आणि धमकी दोन्ही टाळा. सूचना दिल्याची तारीख कागदावर राहणे, मागणी मुदतीत केली का या प्रश्नात उपयोगी पडते. टाकीच्या कडेचे एक्झॉस्ट (वाफा ओढून घेणारी यंत्रणा) वर्षभर बंद आहे, ही तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे स्वतंत्रपणे करा. कामाच्या जागेच्या हवेत क्रोमिक ॲसिडचे प्रमाण दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेली होती. ते मोजून घेण्याची मागणी करा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे असेही अर्जात लिहा.

नोकरीबद्दल: तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही. त्यानंतर काढले तर तो स्वतंत्र वाद होईल, आणि वरचे पत्र त्याआधीच्या तारखेचे असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम राहील. ठेकेदाराने दिलेला तो कागद फाडू नका. त्याची छायाप्रत काढून, कोणी, कुठे आणि कोणत्या तारखेला सही मागितली ते तिच्या मागे लिहून ठेवा आणि मूळ कागद सही न करता परत करा.